चाळीस मीटर वाट, सात टन बर्फ

मिनेसोटातल्या एखाद्या लहान गावाबाहेरचे घर घ्या. सार्वजनिक रस्त्यापासून गॅरेजच्या दारापर्यंत जाणारा ड्राइव्हवे चाळीस मीटर लांब आणि साडेतीन मीटर रुंद आहे. रात्रीतून वीस सेंटिमीटर बर्फ पडला की एवढ्या पट्ट्यावर २८ घनमीटर बर्फ साचतो. जानेवारीतला कोरडा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला ८० किलोच्या आसपास भरतो, म्हणजे एकूण सव्वादोन टन. मार्चमधला ओला बर्फ घनमीटरला अडीचशे किलो सहज भरतो, आणि मग हिशेब सात टनांवर जातो. सकाळी कामावर निघण्याआधी हे सगळे बाजूला व्हायला हवे. दुपारी पुन्हा पडला, तर संध्याकाळी पुन्हा.

हे फावड्याने करता येते आणि लाखो लोक करतात. पण त्यात खरा धोका आहे आणि तो कमी लेखू नये. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात १९८१ ते २०१४ या काळातल्या हृदयविकाराच्या नोंदी तपासून केलेला एक अभ्यास २०१७ साली कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आला. वीस सेंटिमीटर बर्फ पडल्याच्या दुसऱ्या दिवशी पुरुषांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात दाखल होण्याची शक्यता १६ टक्क्यांनी आणि त्याने मृत्यू येण्याची शक्यता ३४ टक्क्यांनी वाढलेली त्यात दिसली. कारणे समजण्यासारखी आहेत. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, हातांनी जड ओझे उचलताना श्वास रोखला जातो, रक्तदाब एकदम चढतो, आणि हे सारे बहुधा पहाटे, अंग मोकळे झालेले नसताना घडते. भारतीय उपखंडातल्या लोकांना हृदयविकार तुलनेने लवकर गाठतो, हे आता डॉक्टरांच्या चांगले परिचयाचे आहे. मिनेसोटा, मिशिगन, ओंटारिओ इथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतल्या पन्नाशीपुढच्या माणसांनी म्हणूनच बर्फ काढायला यंत्र घेणे ही चैन समजू नये.

यंत्र घ्यायचे ठरले, तरी कोणते घ्यायचे हा प्रश्न उरतोच. इथे पुढे पाते लावलेली एटीव्ही (चार जाड टायरांची गाडी) हे उत्तर अनेकांना मोहात पाडते, कारण ती वर्षभर इतर कामांनाही येते: लाकडे ओढायला, कुंपणाचे सामान वाहायला, शेतातून फिरायला. पण प्रत्येक घरासाठी ती योग्य नाही. डेट्रॉइट किंवा मिनियापोलिसच्या उपनगरात, जिथे आपले बहुतेक लोक राहतात, तिथला ड्राइव्हवे दोन मोटारींच्या रुंदीचा आणि पंधरा-वीस मीटर लांबीचा असतो. बर्फ लोटायला दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांची हिरवळ, पत्रपेटी, झुडपे आणि समोर पदपथ. तिथे हजार-दोन हजार डॉलरचा दोन टप्प्यांचा स्नोब्लोअर पुष्कळ बरा. तो बर्फ उचलून दूर फेकतो, त्याला ढकलायला जागा लागत नाही, आणि तो गॅरेजच्या कोपऱ्यात मावतो. अशा घरासाठी सात-आठ हजार डॉलरपासून सुरू होणारी एटीव्ही केवळ बर्फाच्या नावाखाली घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे टोक मिशिगनच्या उत्तरेकडच्या द्वीपकल्पात सापडते. सुपीरियर सरोवरात घुसलेला किवीनॉचा भूभाग अमेरिकेतल्या सर्वाधिक बर्फाच्या वस्त्यांपैकी एक. कॅनडाकडून येणारा थंड, कोरडा वारा न गोठलेल्या सरोवरावरून जाताना ऊब आणि बाष्प उचलतो आणि जमीन लागताच ते बर्फ म्हणून टाकतो. १९७८-७९ च्या हिवाळ्यात तिथे ३९०.४ इंच, म्हणजे जवळजवळ दहा मीटर बर्फ पडल्याची नोंद आहे. महामार्गाच्या कडेला तो विक्रम दाखवणारी उंच मोजपट्टीच उभी केलेली आहे. अशा ठिकाणी पात्याने ढकललेला बर्फ डिसेंबरअखेर दोन्ही कडांना भिंतीसारखा उभा राहतो आणि पुढचा बर्फ ढकलायला जागाच उरत नाही. तिथले लोक मोठे स्नोब्लोअर वापरतात, आणि हाताने ढकलायचे रुंद पत्र्याचे ‘यूपर स्कूप’ घरोघरी असते. एटीव्हीचे पाते तिथे पहिल्या महिन्याचा सोबती असते, सबंध हिवाळ्याचा नाही.

तेव्हा एटीव्हीची खरी जागा या दोहोंच्या मधली. वर्षाला साधारण मिनियापोलिसइतका, म्हणजे पन्नास इंचांच्या आसपास किंवा त्याहून थोडा जास्त बर्फ. तीस-चाळीस मीटरपासून दीडशे मीटरपर्यंतचा ड्राइव्हवे. आणि कडेला मोकळी जमीन. तुमचे घर या वर्णनात बसत असेल तर पुढचे वाचण्यात अर्थ आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांना एटीव्ही माहीत असते ती अलिबाग-नागावच्या किनाऱ्यावर पर्यटकांना चक्कर मारून आणणारी चार जाड टायरांची गाडी म्हणून. या गाडीचा जन्म मात्र थेट हिवाळ्याशी जोडलेला आहे. थंडीत मोटारसायकली खपत नाहीत, तेव्हा त्या महिन्यांत विकता येईल असे काहीतरी द्या, अशी मागणी होंडाच्या अमेरिकी शाखेने जपानकडे केली. ओसामु ताकेउची या अभियंत्याने त्यावर फुग्यासारख्या मऊ टायरांची तीनचाकी बनवली आणि ती १९७० मध्ये बाजारात आली. मिनेसोटात कॅनडाच्या सीमेजवळ रोझो नावाचे छोटे गाव आहे. तिथली पोलारिस कंपनी १९५० च्या दशकापासून बर्फावरच्या स्नोमोबाइल बनवत होती. तिची अडचण नेमकी उलटी होती, उन्हाळ्यात विकायला काही नव्हते, म्हणून १९८५ मध्ये तीही एटीव्हीकडे वळली. तीनचाकी गाड्या फार उलटत. १९८८ मध्ये अमेरिकी सरकारशी झालेल्या तडजोडीनंतर त्यांची विक्री बंद झाली. होंडाने १९८६ च्या सुमारास आणलेली, चारही चाकांना ताकद देणारी चारचाकी ही आजच्या कामाच्या एटीव्हीची पूर्वज. किनाऱ्यावर दिसणाऱ्या हलक्या, फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला पाते लावून बर्फ लोटता येत नाही. का, ते आता पाहू, कारण सगळ्या निवडीचे मूळ तिथे आहे.

दुकानात पहिला प्रश्न येतो, ‘किती सीसीची हवी?’ चारशे, साडेपाचशे, साडेआठशे, हजार. ग्राहकही मोठा आकडा म्हणजे जास्त बर्फ असे धरून चालतो. थोडे गणित करून पाहिले की हा समज टिकत नाही. मध्यम एटीव्हीचे वजन ३०० किलोच्या आसपास आणि चालवणाऱ्याचे ८० किलो. दाबल्या गेलेल्या बर्फावर रबरी टायरची पकड त्याच्यावरच्या वजनाच्या पाव भागाइतकी धरली, तर ही गाडी जास्तीत जास्त शंभरेक किलोच्या जोराने ढकलू शकते. त्याहून जोर लावला की चाके जागच्या जागी फिरतात. बर्फ लोटताना वेग ताशी आठ किलोमीटरपेक्षा जास्त नसावा. या वेगाने शंभर किलोचा जोर लावायला लागणारी ताकद किती? तीन अश्वशक्ती. आणि चारशे सीसीच्या एटीव्हीचे इंजिन पंचवीसच्या पुढे अश्वशक्ती देते. चिखलात रुतलेल्या एसटीचा ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा कमी पडते ती ताकद नसते, चाकाखालची पकड असते. बर्फात अगदी तसेच होते.

यातून तीन गोष्टी लगेच कळतात. पहिली, चारही चाकांना ताकद मिळणारी गाडीच हवी. फक्त मागची चाके फिरली तर वजनाचा निम्माच भाग पकडीच्या कामी येतो आणि शंभराचे पन्नास होतात. पुढे पाते उचलून धरलेले असताना मागचा भाग आणखी हलका होतो. दुसरी, गाडीचे वजन हा इथे दोष नाही. ट्रेलवर उड्या मारायला हलकी गाडी छान, बर्फ लोटायला जड गाडी छान. मागच्या रॅकवर वाळूच्या पिशव्या बांधणारे लोक योग्यच करतात, फक्त मॅन्युअलमध्ये दिलेली रॅकची मर्यादा ओलांडू नये. तिसरी आणि सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे टायर.

ताकेउची यांनी मऊ, रुंद टायर निवडले ते गाडी वाळूत आणि खोल बर्फात रुतू नये म्हणून. पाते लावून तुम्ही जे काम करता त्यात गाडीला तरंगायचे नसते, तिला खाली घट्ट चावायचे असते. पाते पुढून बर्फ काढून घेते आणि चाकांखाली उरतो बोटभर घट्ट, निसरडा थर. त्यावर रुंद टायर घसरतो. म्हणून खोल नक्षीचे, मऊ रबराचे टायर घ्यावेत, आणि ड्राइव्हवे खडीचा किंवा चढाचा असेल तर साखळ्या. साखळ्यांनी पकड किती बदलते हे एकदा अनुभवावेच लागते. चारशे सीसीची साखळीवाली गाडी बिनसाखळीच्या हजार सीसीच्या गाडीपेक्षा जास्त बर्फ लोटते, यात मला शंका नाही. डांबरावर आणि फरशीवर मात्र साखळ्या ओरखडे पाडतात. तिथे चांगले टायर आणि वाळूच्या पिशव्या यांवरच भागवावे.

टायरच्या हवेबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. मोटारीच्या टायरमध्ये ३२-३५ पीएसआय हवा असते, एटीव्हीच्या टायरमध्ये अवघी पाच ते सात. गरम गॅरेजमध्ये वीस अंश सेल्सिअसला पाच पीएसआय भरली आणि गाडी उणे वीस अंशांत बाहेर काढली, तर टायर थंड झाल्यावर दाब सव्वादोनच्या आसपास उतरतो. वायू थंड होऊन आकसतो, आणि मूळ दाबच इतका कमी की निम्म्याहून अधिक जातो. टायर बसतो, पुढची बाजू खचते, पाते एका अंगाला घासू लागते. हवा बाहेरच्या थंडीतच तपासावी, आणि त्यासाठी कमी दाब अचूक दाखवणारा वेगळा मापक घ्यावा. मोटारीचा मापक इथे काहीच सांगत नाही.

इंजिनाबाबत माझा कल ४०० ते ५७० सीसीकडे आहे. सुमारे चाळीस मीटरच्या वाटेला चारशे-साडेचारशे पुरते. चढ असेल, वाट शंभर मीटरच्या पुढे असेल किंवा बर्फ वारंवार ओला पडत असेल, तर पाचशेच्या वरची घ्यावी, आणि तेही मुख्यतः ती गाडी जड असते म्हणून. त्याहून मोठी इंजिने इथे पैसे आणि पेट्रोल खातात. थ्रॉटलला जरा स्पर्श केला की चाके फिरून खालचा थर काचेसारखा गुळगुळीत करतात. आकाराहून महत्त्वाच्या गोष्टी दुसऱ्याच आहेत. कार्ब्युरेटरऐवजी इंधन फवारणारी ईएफआय प्रणाली हवी, कारण उणे वीसला पहिल्या बटणात सुरू होणे हाच अर्धा गुण. इंजिन थंड ठेवायला नुसती हवा नको, पाण्याचा रेडिएटर असलेला बरा. ताशी पाच-सहा किलोमीटर वेगात हवा वाहतेच कुठे? पाते अगदी वर उचलून गाडी लांब नेली तर तेच पाते रेडिएटरसमोरची हवा अडवते, म्हणून नेताना ते गरजेपुरतेच उचलावे. आणि पॉवर स्टिअरिंगला नको म्हणू नये. पुढे पात्याचे ओझे आणि पुढचा डिफरन्शियल लॉक असताना हँडल वळवणे हे खांद्यांचे काम होते. फावडे सोडून यंत्राकडे आलो ते याचसाठी नव्हे.

गिअरबॉक्सवर मी थोडा जास्त वेळ घालवीन, कारण खरेदीनंतरची बहुतेक रडगाणी इथून निघतात. पोलारिस, कॅन-ॲम, यामाहा, सुझुकी यांच्या बहुतेक कामाच्या गाड्यांत रबरी पट्ट्यावर चालणारी स्वयंचलित रचना असते. चालवायला अगदी सोपी. पण जड बर्फात, हळू वेगात, ‘हाय’ गिअरमध्ये गाडी ढकलत राहिली की पट्टा पुलीवर घसरतो, तापतो, त्याचा पृष्ठभाग चकचकीत होतो, आणि तो पुढे कायम घसरतच राहतो. उपाय एकच: बर्फ लोटताना कायम ‘लो’ गिअर. ज्या गाडीत लो गिअर नाही, ती या कामाला घेऊ नये. पट्ट्याच्या खोक्याला थंड ठेवणाऱ्या हवेचे तोंड कुठे आहे तेही बघावे. ते खाली असेल तर उडालेला बर्फ आत जाऊन पाणी होतो आणि पट्टा सटकतो. यामाहाने आपल्या रचनेत पट्ट्याचा ताण सतत कायम ठेवण्याची सोय केली आहे, त्यामुळे झीज कमी होते आणि उतारावर चारही चाकांना इंजिनाचा ब्रेक मिळतो. ड्राइव्हवे गॅरेजकडून रस्त्याकडे उतरत असेल तर हा ब्रेक फार मोलाचा. होंडाच्या रँचर, फोरमन, रुबिकॉन या गाड्यांत पट्टाच नसतो. दातेरी चाकांचा खराखुरा गिअरबॉक्स असतो. बर्फ लोटण्याच्या रटाळ, कष्टाच्या कामात तो वर्षानुवर्षे टिकतो.

पण एक अट आहे. बर्फ लोटणे म्हणजे पुढे दहा मीटर, मागे दहा मीटर, असे शंभर वेळा. पायाने गिअर बदलायची गाडी आणि पायात जाड हिवाळी बूट असतील तर ही शंभर वेळांची अदलाबदल जीव खाते. म्हणून दुकानात जाताना हातमोजे आणि बूट घालून जावे. गाडीवर बसून लो मधून रिव्हर्समध्ये आणि रिव्हर्समधून लो मध्ये वीसेक वेळा जाऊन बघावे. एकाच दांड्याची गाडी असेल तर लो आणि रिव्हर्स यांच्या मध्ये किती खाचा ओलांडाव्या लागतात ते पाहावे. कॅटलॉगमधल्या कुठल्याही आकड्यापेक्षा या तपासणीतून जास्त कळते.

मागच्या चाकांचे सस्पेन्शन स्वतंत्र असावे की अखंड आसाचे, यावर लोक हिरिरीने वाद घालतात. केवळ बर्फासाठी अखंड आस बरा. ओझ्याखाली मागची बाजू बसत नाही, पाते एका उंचीवर राहते आणि दोन्ही मागची चाके एकत्र ढकलतात. उन्हाळ्यात खडबडीत रानातून फिरायचे असेल तर स्वतंत्र सस्पेन्शन पाठीला सुखाचे. त्यात शॉकॲबसॉर्बरच्या स्प्रिंगा दोन खाचा ताठ केल्या की बहुतेक अडचण मिटते.

आता पाते. त्याची रुंदी ठरवताना एक साधी भूमिती विसरली जाते. बर्फ कडेला सारायचा तर पाते साधारण तीस अंशांत तिरके करावे लागते, आणि तिरके केले की ते अरुंद होते. कामाची एटीव्ही सुमारे ४८ इंच रुंद असते. चौपन्न इंचांचे पाते तीस अंशांत वळवले की ४७ इंचांखाली येते, म्हणजे गाडीची चाके न काढलेल्या बर्फावरून जातात, तो दाबतात आणि दगडासारखा करून ठेवतात. साठ इंचांचे पाते त्याच कोनात ५२ इंच झाकते. म्हणून साठ इंच हे या आकाराच्या गाडीचे योग्य माप. बहात्तर इंचांचे पाते शेजारी-शेजारी बसायच्या मोठ्या गाड्यांसाठी असते. लहान गाडीला ते लावले तर शंभर किलोची ढकलशक्ती पहिल्याच फेरीत संपते.

पात्याचा सांगाडा गाडीला कुठे जोडला जातो, तेही तपासावे. पुढच्या बाजूला जोडणारी रचना लावायला-काढायला सोपी आणि पाते उंच उचलणारी. पोटाखाली, चेसिसच्या मध्याजवळ जोडणारी रचना लावताना जमिनीवर आडवे व्हावे लागते, पण ढकलण्याचा धक्का ती थेट चेसिसच्या कण्यावर घेते आणि पुढची चाके हलकी होत नाहीत. ज्याचे पाते नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत लागलेलेच राहणार आहे त्याने दुसरी घ्यावी. पात्याला वरून ताणलेल्या मजबूत स्प्रिंगा हव्यातच. बर्फाखाली दडलेल्या दगडाला, फरशीच्या कडेला किंवा गटाराच्या झाकणाला पाते आदळले की या स्प्रिंगा पाते पुढे झुकू देतात. त्या नसतील तर गाडी जागीच थांबते आणि चालवणारा हँडलवर जाऊन आदळतो. ताशी आठ किलोमीटरची मर्यादा त्यासाठीच आहे.

खालच्या धारेची निवड ड्राइव्हवे करतो. डांबराला लोखंडी धार चालते. नक्षीच्या फरशीला रबराची किंवा पॉलियुरेथेनची पट्टी हवी. खडीच्या वाटेवर पात्याखाली लोखंडी बूट बसवून धार इंचभर वर ठेवायची, नाहीतर वसंतात अर्धी खडी हिरवळीवर सापडते. खडीवर पहिला पातळ बर्फ काढूच नये. तो गाडीने दाबून गोठू द्यावा, त्याचाच कठीण तळ होतो आणि मग सगळा हिवाळा पाते त्यावरून सरळ फिरते. हे खेड्यातल्या लोकांचे शहाणपण दुकानदार सहसा सांगत नाहीत.

पाते उचलायला बहुतेक लोक पुढे बसवलेला विद्युत विंच वापरतात. इथे दोन दुखणी आहेत. विंचची पोलादी तार लांब ओढण्यासाठी केलेली असते. पाते उचलताना तिचा तोच एखादा फूट दिवसातून दोनशे वेळा गुंडाळला-सोडला जातो, तिथे ती पिळते आणि तिचे धागे तुटतात. तिच्या जागी कृत्रिम धाग्याचा दोर किंवा आखूड जाड पट्टा लावावा. दुसरे दुखणे बॅटरीचे. उणे अठरा अंशांना साधी शिसे-आम्लाची बॅटरी आपल्या क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास येते. त्यात हळू फिरणारे इंजिन तिला पुरेशी वीज देत नाही, आणि विंच, दिवे, गरम होणारी हँडलची मूठ एकाच वेळी वीज ओढतात. घरी उभी असताना बॅटरीला मंद चार्जर कायम जोडून ठेवावा. इंजिन तापवायला मात्र गाडी गॅरेजच्या दाराबाहेर काढावी. बंद गॅरेजमध्ये चालू इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड वास न देता जीव घेतो, आणि गॅरेज घराला चिकटलेले असेल तर तो घरातही शिरतो.

गाडी निवडताना बर्फ कुठे जाणार, हा प्रश्न सोडवलेला असावा. पाते बर्फ नाहीसा करत नाही, फक्त हलवते. हिवाळ्याचा पहिला मोठा बर्फ पडेल तेव्हा तो वाटेच्या कडेपासून दोन-तीन मीटर आत, हिरवळीवर लोटून द्यावा. कडेलाच ठेवला तर तो गोठतो आणि पुढच्या प्रत्येक बर्फाबरोबर वाट हातभर अरुंद होत जाते. खोल बर्फ एकदम काढायला जाऊ नये. दहा-पंधरा सेंटिमीटर झाला की एक फेरी मारावी, मग वादळ चालू असले तरी चालेल. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोजवळच्या ऑर्चर्ड पार्कमध्ये काही दिवसांत ८० इंच बर्फ पडला; तशा वेळी कुठलीच एटीव्ही पुरत नाही, आणि ते मान्य करून मोठे यंत्र मागवणे हेच योग्य.

सगळ्यांत कठीण जागा ड्राइव्हवेच्या तोंडाशी असते. सार्वजनिक रस्ता साफ करणारा मोठा ट्रक जाताना तिथे गुडघाभर उंच, मीठ मिसळलेली, घट्ट दाबलेली रांग टाकून जातो. ती काही तासांत गोठते. तिच्यावर वेगाने धाव घेणाऱ्यांची पाती वाकतात आणि मनगटे मुरगळतात. ती कडेकडून, अर्धे पाते लावून, थोडी थोडी सोलत काढावी. त्याहून चांगले म्हणजे तिला तिथे पडूच देऊ नये. अमेरिकेत वाहने उजवीकडून चालतात, म्हणून रस्त्याकडे तोंड करून उभे राहिल्यावर ट्रक तुमच्या डावीकडून उजवीकडे जातो. ड्राइव्हवेच्या डाव्या अंगाला, रस्त्याच्या कडेलगत काही मीटर लांबीचा कप्पा आधीच मोकळा करून ठेवला, तर ट्रक आपले ओझे त्यात टाकतो आणि तुमच्या तोंडाशी थोडेच येते. स्वतःचा बर्फ नेहमी उजव्या अंगाला टाकावा. रस्त्यापलीकडे मात्र कधीही लोटू नये. मिनेसोटा आणि मिशिगनमध्ये रस्त्यावर बर्फ टाकणे कायद्याने मना आहे, ओंटारिओतही लेखी परवानगीशिवाय ते करता येत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी पाते रस्ता ओलांडून जाताना मागे राहिलेली बर्फाची पट्टी रात्री गोठून एखाद्याची गाडी घसरवते. पाते लावलेली गाडी घेऊन रस्त्यावर वळून येण्याचीही सवय नसावी. एटीव्ही ही रस्त्याची गाडी नाही, आणि तिथून येणाऱ्या चालकाला ती ढिगाऱ्याआडून दिसत नाही.

जुनी गाडी घेणार असाल, आणि या कामासाठी तीन-चार वर्षे वापरलेली गाडी अगदी चालते, तर किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये. बर्फ लोटलेली गाडी फार कमी किलोमीटर चालते आणि फार तास राबते. तास दाखवणारा आकडा बघावा. किलोमीटर कमी आणि तास पुष्कळ असतील तर ती बर्फाचीच गाडी. मग पोटाखाली वाकून पात्याची जोडणी होती तिथे चेसिस वाकले आहे का, सांध्यावर नव्याने वेल्डिंग केले आहे का, ते बघावे. पुढच्या आसांवरची रबरी आवरणे फाटलेली असतील तर आत मिठाचे पाणी गेलेले असणार. पट्ट्याची गाडी असेल तर खोके उघडून पट्टा दाखवायला सांगावे, आणि विक्रेता नाही म्हणाला तर दुसरी गाडी शोधावी.

ही सगळी खरेदी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करावी, कारण पहिला बर्फ पडल्यावर पाती आणि साखळ्या दुकानात उरत नाहीत. ऑक्टोबरात पाते बसवून कोरड्या वाटेवर दोन फेऱ्या माराव्यात, धारेची उंची लावून घ्यावी, पात्याच्या आतल्या बाजूला मेण किंवा सिलिकॉन फवारावे म्हणजे ओला बर्फ चिकटत नाही. आणि जमीन गोठण्याआधी ड्राइव्हवेच्या दोन्ही कडांना, वळणावर जरा जवळजवळ, चमकत्या पट्टीच्या चार-पाच फुटी काठ्या रोवून ठेवाव्यात. नोव्हेंबरअखेर त्या भागात हातोड्यानेही काठी जमिनीत जात नाही.